उलट्या अक्षरांचं पत्र आणि चौदा नंबरची खाट

हे आत्ताच सांगायला हवं. उद्यापर्यंत थांबलो तर मी ते नीटनेटकं करून टाकीन, आणि तसं केलं की त्यातलं खरं निघून जाईल. म्हणून कागदावर लिहीत बसलोच नाही. गिरगावातल्या आमच्या छापखान्यात माझ्या जागेवर उभा आहे आणि डोक्यातून थेट खिळ्यांत जुळवतोय. मी जुळारी आहे, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं उचलून ओळी लावणं हे माझं काम. आमचे फोरमन अण्णा मागे येऊन उभे राहिलेत.

"हस्तलिखित कुठाय?"

"डोक्यात, अण्णा."

"आणि डोकं?"

मासिकाची काही पानं रिकामी आहेत, पाळकसाहेबांचं प्रवचन वेळेवर आलेलं नाही, म्हणून अण्णांनी मला हात लावू दिला. तोही डावा जास्त. उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही. सगळी जोडाक्षरं वरच्या खणात, त्यामुळे मी टाचा उंच करून उभा आहे आणि घाई तर अशी झालीय की खिळे बोटांना सापडत नाहीत.

मला गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता आणि मी जिवंत परत आलोय. ज्यांच्या घरात आज कोणी तापाने पडलंय आणि ज्यांनी आतून कडी लावून घेतलीय, त्यांच्यासाठी हे आहे. आणि ज्यांना देवाने काहीतरी करायला सांगितलंय पण जे ऐकू न आल्यासारखं करतायत, त्यांच्यासाठी तर आहेच. त्या मंडळींचा मी मुकादम होतो.

पेटी

आमच्या घरी बिस्किटांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात शास्त्रातली वचनं लिहिलेल्या चिठ्ठ्यांच्या सुरळ्या असतात. सगळ्या आईच्या अक्षरातल्या. रोज सकाळी चहाच्या आधी तिने एक काढायची, मी एक काढायची, वाचायची, दिवसभर मनात ठेवायची. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, पण पेटी कधी चुकली नाही.

एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सांगितलं की परळच्या मैदानात बांबूच्या तट्ट्यांचं नवीन इस्पितळ उभं राहिलंय, गाठीच्या तापासाठी. तिथे माणसं हवीत. डाक्तरी येणारी नकोत. जवळ बसणारी, पत्र लिहून देणारी, पाणी आणून देणारी हवीत. "कोणाच्या मनात आलं तर मला भेटा," म्हणाले.

सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मीही. आणि खरं सांगतो, मला कोणीतरी मागून हाक मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर खांब होता.

सोमवारी सकाळी चिठ्ठी निघाली ती पाठवलं तिथे जाण्याबद्दलची. मी म्हटलं, पेटी नीट हलवली नव्हती. परत ठेवली, दुसरी काढली. ती आजाऱ्याची विचारपूस करण्याबद्दलची. तीही परत. मंगळवारी दोनदा काढली, बुधवारी तीनदा. बुधवारची तिसरी निघाली ती देवाच्या सावलीत निवांत राहण्याबद्दल. ती मी मोठ्याने वाचून दाखवली.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या गावी देवाला कौल लावायचे. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आणि गावकऱ्यांच्या मनाविरुद्ध पडलं की गुरव काय करायचा, माहितीय?"

"काय?"

"फूल परत चिकटवायचा. हवं ते पडेपर्यंत. ते सगळं मी सोडून आले, याकू. आणि माझा मुलगा बिस्किटाच्या पेटीला गुरव होऊन बसला."

मी हसलो. ती हसली नाही. मी चहा प्यायलो आणि कामावर गेलो.

हात वर जाईना

पुढच्या आठवड्यात, दुपारची वेळ, मी एक स्तोत्र जुळवत होतो. वरच्या खणाकडे हात नेला तर काखेत सुरी फिरल्यासारखं झालं. वाटलं, लचक असेल. मग थंडी वाजायला लागली, भर उन्हाळ्यात, आणि खिळे माझ्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखे चालायला लागले. अण्णांनी प्रूफ ओढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"एका ओळीत चार चुका. तू? तुझ्या एका पानात चार निघत नाहीत." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि प्रूफ हळूच खाली ठेवलं. "घरी जा, बाळ. सरळ घरी जा."

जिन्यात थांबून मी काखेत बोट घातलं. सुपारीएवढी गाठ होती.

त्या जिन्यात मला देव आठवला नाही. आठवली ती आमची खोली. इस्पितळाची गाडी आली की काय होतं ते आम्ही चाळीत दोनदा पाहिलं होतं. दारावर लाल खूण करतात, गाद्या जाळतात, भिंतींवर चुना आणि कार्बोलिक मारतात, घरच्यांना छावणीत नेऊन ठेवतात. आणि गेलेला माणूस, लोक म्हणायचे, परत येत नाही. लोक तर असंही म्हणायचे की तिथे माणसाचं तेल काढतात.

घरी पोचलो तेव्हा शेजारच्या काशीकाकी आमच्याकडेच बसल्या होत्या. त्यांनी मला बघितलं आणि काही विचारलंच नाही. उठून दार लावून घेतलं.

"माळ्यावर झोपव त्याला," त्या आईला म्हणाल्या. "माझ्या भाच्याला आम्ही तसंच ठेवला होता. कोणी आलं की म्हणायचं, मुलगा गावी गेलाय. वर चढायला कोणी बघत नाही."

"भाचा बरा झाला?" आईने विचारलं.

काकी पदराशी चाळा करत बसल्या.

आता माझ्याबद्दल मोठं काही समजू नका. मला माळाच हवा होता. अंधार, गोधडी आणि आईचा हात हवा होता. मी म्हटलं, "आई, पेटी दे."

ती उठली नाही. मी पुन्हा म्हटलं, "आई, एकच काढतो."

"पेटी मिळणार नाही," ती म्हणाली. डोळे माझ्यावरून हलत नव्हते. "ज्याला माहीत नसतं त्याने विचारावं. तुला माहितीय, याकू. मलाही माहितीय. या चाळीत किती लेकरं आहेत ते दोघांनाही माहितीय. मी तुला 'जा' म्हणणार नाही, माझ्याच्याने होणार नाही ते. पण पेटी मी देणार नाही."

काकींचा धाकटा नातू बाहेर गॅलरीत भोवरा फिरवत होता. दोरी सुटल्याचा आवाज येत होता. मी तो आवाज ऐकत बसलो आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "गाडी बोलवा." लगेच मी ओक्साबोक्शी रडलो. पहिल्यांदा ऐकलं ते असं ऐकलं. रडत.

नंतर एका भल्या माणसाने सांगितलं की मी बोलावणं टाळलं म्हणून देवाने ताप देऊन मला उचलून तिथे नेलं. मला नाही पटत. तापाने आमच्या गल्लीत कोणाची चिठ्ठी विचारली नव्हती. मला एवढंच कळतं, की मी आधी गेलो असतो तर स्वतःच्या पायांनी गेलो असतो.

ब्रँडीचा चमचा

पहिले पाच दिवस माझ्याकडे नाहीत. तुकडे आहेत. तट्ट्यांच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा. डोक्यावर बर्फाची पिशवी. कार्बोलिकचा वास, इतका की भातालाही तोच. शेजारच्या खाटेवरून कोणीतरी गिरणीच्या भोंग्याची वेळ सारखी विचारतोय. मग ती खाट रिकामी, मग तिच्यावर दुसरा.

आणि जनाबाई. ही वरळीकडची कोळीण. तिचा नवरा याच शेडमध्ये गेला आणि ती परत घरी गेलीच नाही, कमरेला पदर खोचून इथेच कामाला लागली. आवाज असा की कोळीवाड्यातून हाक मारली तर होडीतला माणूस वळून बघेल. तिने चमचा माझ्या तोंडाशी आणला आणि वासाने मला कळलं, ब्रँडी आहे. मी तोंड मिटून घेतलं. मद्य शिवणार नाही अशी शपथ मी मंडळीसमोर सही करून घेतलीय.

"दारू मी घेत नाही," मी म्हटलं.

"दारू कुठं हाय ही? दवा हाय."

"माझी शपथ आहे."

"कोनापुढं घेतली?"

"देवापुढं."

"मंग त्याला मी सांगते. तोंड उघड."

उघडलं. सहाव्या दिवशी डाक्तरांनी गाठ कापली आणि माझा ताप उतरला. डोळे उघडून मी तट्ट्यांचं छत पाहिलं आणि इतका आनंद झाला की मला गायचंच होतं. मी ठरवून टाकलं की आता या शेडमध्ये मी स्तोत्रं गाईन, साक्ष देईन, सगळ्यांना सांगेन. याचसाठी देवाने मला ठेवलंय. जनाबाईला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गानं मागनं गा. बसता येतंय ना? त्या चौदा नंबरपाशी जाऊन बस. तो काय खात नाय."

मला वाईट वाटलं, खरंच. मी मोठी साक्ष घेऊन तयार, आणि हिने मला एका खाटेपाशी बसायला सांगितलं. पण पाळकसाहेबांचे शब्द आठवले. जवळ बसणारी माणसं हवीत. तेच ते. शब्दसुद्धा तोच.

चौदा नंबर

चौदा नंबरवर दाजी होता. मालवणकडचा, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, चाळिशीचा. त्याचा ताप माझ्याही आधी उतरला होता. गाठ बसली होती. डाक्तर म्हणायचे हा जगायला पाहिजे, आणि तो मरत होता. इस्पितळाचं दूध तो पीत नव्हता, पेज घेत नव्हता, औषध थुंकून टाकत होता. त्याची बायको गावी, मुंबईत रक्ताचं कोणी नाही. येताना त्याने गमछ्यात कुरमुरे बांधून आणले होते. रोज एक मूठ खायचा आणि डोळ्यांसमोर नळावरून भरून आणलेलं पाणी प्यायचा. नळापर्यंत नजर लावून बसायचा.

"दुधात काय घालतत ता माका म्हायत आसा," तो मला म्हणाला.

"मी रोज पितो. बघ, बसलोय ना तुझ्यापुढे."

"तू साहेबाच्या धर्माचो. तुका कित्याक मारतीत?"

मी माझ्या पेल्यातलं अर्धं दूध त्याच्यासमोर प्यायलो आणि उरलेलं पुढे केलं. त्याने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उष्टा," तो म्हणाला. "आणि ताय किरिस्तावाचा. वा रे झिला."

जनाबाई पलीकडे भांडी उचलत होती ती खो खो हसली. दाजीच्याही ओठांचा कोपरा हलला. ते आमचं पहिलं बोलणं. मग मी रोज जाऊन बसायला लागलो. धर्माचं एक अक्षर काढलं नाही, काढलं असतं तर त्याने कूस बदलली असती. गिरणीतल्या साच्यांबद्दल तो बोलायचा, मी खिळ्यांबद्दल बोलायचो. मी उलटी अक्षरं वाचू शकतो हे ऐकून त्याला फार मजा वाटली. खिळा उलटा असतो, म्हणजे आरशात दिसावा तसा, तेव्हाच कागदावर सरळ उमटतो. इतकी वर्षं तसंच वाचल्यामुळे मला उलटं-सुलटं एकच वाटतं. हे लक्षात ठेवा.

गमछ्यातले कुरमुरे कमी होत होते. गाठोडं बसत चाललं होतं, आणि दाजीचे गालही.

डाव्या हाताचं पत्र

एका सकाळी तो म्हणाला, "घराक एक पत्र लिवशीत? तिका सांग, मी जिवंत आसय."

हे माझ्या हातचं काम. निदान मला वाटलं. उजवा हात गळ्यात बांधलेला होता, पण मी म्हटलं डाव्याने लिहितो. जनाबाईने कागद आणि पेन्सिल आणून दिली. दाजी सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. बरा आहे, चिंता करू नये. इथे साथ आहे, तू येऊ नकोस. पोराला शाळेत घाल. म्हशीला जप. डावा हात असा सुरेख चालला की मला वाटलं हेही देवाचंच. अक्षर थोडं वेडंवाकडं, पण ओळ सरळ. वाचून दाखवलं, त्याने मान हलवली. पाकीट आणि पत्ता कचेरीतल्या कारकुनाने केला. त्याने आतलं पाहिलं नाही. कशाला पाहील?

त्यानंतर चौथ्या दिवशी डाक्तर माझ्या खाटेशी आले, काख बघितली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "जा, घरी जा आता."

फाटक

आई फाटकाबाहेर उभी होती. छावणीतून तिला आदल्या दिवशीच सोडलं होतं. इतकी बारीक झाली होती की बांगड्या कोपरापर्यंत वर गेल्या होत्या. हातात माझे धुतलेले कपडे, बाजूला घोडागाडी उभी. मी तिला पाहिलं आणि पळतच निघालो असतो, पण त्याआधी दाजीला भेटायला गेलो.

गमछा उशाशी घडी करून ठेवलेला होता. रिकामा. आदल्या दिवसापासून पोटात फक्त पाणी.

"जातंस?" तो म्हणाला.

"हो."

"जा. चांगला झाला." मग गमछ्याची घडी सारखी करत, "तिचो जबाब इलो तर कोण वाचून दाखवतलो? ह्यो कारकून कायपण वाचीत."

एवढंच. थांब म्हणाला नाही. पण मला तीच हाक ऐकू आली, खांबापाशी आली होती ती. तेव्हाही ती मोठी नव्हती, आताही नव्हती. मी फाटकापर्यंत चालत गेलो. ते अंतर फार नाही, पण माझे पाय शिशाचे झाले होते. माझं अख्खं अंग आमच्या खोलीकडे ओढत होतं. चुना मारलेली असो, गादी जळालेली असो, तिथे आई होती.

"आई, मी थांबतो," मी म्हटलं. "एक माणूस आहे. त्याचं पत्र यायचंय."

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने हातातली पिशवी उघडली आणि पत्र्याची पेटी बाहेर काढली. छावणीत ती फक्त तेवढीच घेऊन गेली होती.

"एक चिठ्ठी काढ," ती म्हणाली.  "एकच. राहा अशी निघाली तर राहा. मी काही बोलणार नाही."

"आई."

"काढ ना रे. मी तुला तिथे पाठवला तेव्हा काय झालं माझं, तुला माहितीय? परत मी तुला... काढ एक."

मी पेटीचं झाकण तिच्याच हातावर दाबून बंद केलं. "ज्याला माहीत नसतं त्याने विचारावं," मी म्हटलं. "कोणीतरी मला सांगितलंय."

 मग रडता रडता तिला हसू आलं, नाकातून, जसं तिला येतं तसं. "गुरव," ती म्हणाली. कपड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि पेटी काखेत मारून गाडीत चढली. वळून बघितलं नाही. मी बघत होतो.

ती चालत आली

मी परत आलेला बघून जनाबाईने झाडू हातात दिला. पुढचे दोन दिवस मी झाडलं, पाणी भरलं, भांडी घासली, डाव्या हाताने. आणि दाजीपाशी बसलो. तो आता बोलत नव्हता. पाणीसुद्धा दोन घोट. डाक्तर म्हणाले जबरदस्तीने भरवू, पण त्यांनी प्रयत्न केला तेव्हा त्याने सगळं बाहेर काढलं. मी प्रार्थना करत होतो की पत्राचं उत्तर लवकर येऊ दे. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरचा शिपाई ओरडत आला की एक बाई आलीय, ऐकत नाही. मी गेलो. हिरवं लुगडं, डोक्यावर गाठोडं, पायांवर धूळ. मालवणच्या बोटीतून उतरून धक्क्यापासून परळपर्यंत विचारत विचारत चालत आली होती. म्हणाली, मुंबईहून जाणाऱ्या बोटींत पाय ठेवायला जागा नाही, सगळं शहर पळतंय, आणि येणाऱ्या बोटीत ती जवळजवळ एकटीच. खलाशांनी विचारलं, बाई, तुला वेड लागलंय का. तिने हातातला कागद माझ्यापुढे धरला.

"ह्या कोणी लिवलंला?"

माझंच पत्र होतं. मी पाहिलं आणि मला काही चुकीचं दिसेना. बरा आहे, चिंता करू नये. व्यवस्थित वाचता येत होतं. तेवढ्यात मागून आलेल्या जनाबाईने कारकुनाला बोलावलं, त्याने कागद हातात घेतला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला आणि म्हणाला, "हे काय आहे? उलटं आहे सगळं. आरसा आणा."

अख्खं पत्र उलटं होतं. डाव्या हाताने मी खिळ्यांसारखं लिहून ठेवलं होतं, उजवीकडून डावीकडे, आरशातलं. आणि माझे डोळे असे की मला ते कळलंच नाही. मी लिहिलं, मी वाचून दाखवलं, मी घडी केली.

सगुणा, म्हणजे दाजीची बायको, सांगत होती. गावच्या पंतोजींनी पाकीट उघडलं, बघितलं आणि काही न बोलता घडी करून परत दिलं. कोणी म्हणालं असं उलटं लिहिलेलं चांगलं नसतं, माणूस गेला असेल. तिने मूल सासूकडे ठेवलं आणि त्याच दिवशी बोट धरली. निदान राख तरी बघावी म्हणून.

"आत काय लिवलंला, ता सांग," ती म्हणाली.

मी वाचलं. बरा आहे. चिंता करू नये. इथे साथ आहे, तू येऊ नकोस.

ती खाली बसली, तिथेच, फाटकाच्या धुळीत. "वाचूक इला असता," ती म्हणाली, "तर मी खयची येतंय?"

मी तिला आत नेलं. दाजीने डोळे उघडले. बराच वेळ नुसता बघत होता, जसं काही तापातलंच एखादं चित्र.  तिने जनाबाईकडून दुधाचा पेला घेतला, त्यात बोट बुडवून स्वतः चाखलं आणि त्याच्या ओठाला लावला.

"घेवा," ती म्हणाली. "मी इलंय मां."

तो प्यायला. सगळा पेला. मग दुसरा मागितला. जनाबाईने पाठ फिरवली आणि कोणावर तरी उगाचच ओरडायला लागली.

आज

दाजी आता भात खातो, माशासाठी भांडतो आणि मला "उलट्या" म्हणून हाक मारतो. मी तीन दिवसांच्या सुट्टीवर आलोय. अण्णांशी बोललो. साथ उतरेपर्यंत मी परळलाच राहणार, माझी जागा ते राखून ठेवणार. डाक्तर म्हणतात एकदा होऊन गेलेल्याला परत सहसा होत नाही, म्हणजे माझे हात तिथे कोणालाही लावता येतात. आईला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "जनाबाईला माझ्याकडून लोणचं ने." पेटी फळीवर होती. तिने एक चिठ्ठी काढली, मी एक काढली, वाचली, चहा घेतला. मी माझी परत टाकली नाही.

मला अजून सगळं समजलेलं नाही. देवाने माझा हात उलटा फिरवला असं मी म्हणणार नाही, चूक माझी होती आणि माझ्या चुकीमुळे एका बाईने तीन दिवस नवरा मेला असं समजून काढले. तिची मी माफी मागितली. पण त्या सकाळी मला लिही असं सांगितलं होतं आणि मी लिहिलं. ते बरोबर लिहिणं माझ्याकडून झालं नाही, आणि तरी ते वाया गेलं नाही. हे आठवलं की मला एका जागी उभं राहवत नाही. अण्णा म्हणतायत, हलू नको, ओळ सांडशील.

ज्यांच्या घरी आज आतून कडी आहे त्यांना एवढंच सांगतो. मी गेलो आणि परत आलो. सगळे परत येत नाहीत, ते मी खाटांवर पाहिलं, खोटं कशाला सांगू. पण तेल कोणी काढत नाही. तिथे दूध असतं, बर्फ असतो आणि कमरेला पदर खोचलेली एक कोळीण असते.

आता तुम्ही सांगा. तुमच्या बाबतीत असं झालंय का? तुम्हाला कधी कोणी हाक मारली आणि वळून पाहिलं तर नुसता खांब होता, असं? तुम्हीही चिठ्ठी परत ठेवलीत का, आणि कितीदा? आणि शेवटी उठून गेलात तेव्हा तिथे काय काम निघालं? छापखान्याच्या पत्त्यावर मला लिहा. घाईत लिहा, डाव्या हाताने लिहा, उलटं आलं तरी चालेल. मला वाचता येतं.